आधी थिअरी की आधी जॉब? : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मी वाचकांना एक प्रश्न विचारला होता. तुम्ही हातानं करायचं काही शिकवत असाल, तर आपलं शिकवणं जमलं की नाही हे कशावरून ठरवता? पत्रं बरीच आली, त्यांतली काही इथं घेतो. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत. मी जन्मभर आयटीआयच्या फिटर ट्रेडला, म्हणजे लोखंडाचे भाग घासून-कापून जुळवण्याच्या कामाला, निदेशक (शिक्षक) होतो, त्यामुळे उदाहरणं लोखंडाकडे झुकणार. शिवणकामातलं जे काही लिहिलंय ते आमच्या घरच्या शिंपीणबाईंकडून तपासून घेतलं आहे.

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडला नवीन निदेशक आहे. माझ्याकडे दोन युनिट, म्हणजे मुलांच्या दोन तुकड्या आहेत. सकाळच्या युनिटला नेहमीप्रमाणे आधी थिअरी, मग जॉब (हातानं करायचा नग) दिला. दुपारच्यांच्या हातात आधी फाइल (कानस) दिली, थिअरी नंतर घेतली. दुपारच्यांचे जॉब सरस निघाले. त्यांची सरासरी ७८ गुण, सकाळच्यांची ७१. प्राचार्य म्हणतात, टिपण द्या, सगळ्या ट्रेडना हीच पद्धत लावू. देऊ का?

अजून नको. सरांना सांगा, दिवाळीनंतर देतो.

तुम्ही करून पाहिलंत याचं मला कौतुक आहे. पुष्कळ निदेशक एकच वर्ष पंचवीस वेळा शिकवतात आणि त्याला अनुभव म्हणतात. पण या सात गुणांत पद्धतीचा वाटा किती, ते तुमच्या पत्रावरून मला ठरवता येत नाही, आणि तुम्हालाही येणार नाही.

सकाळचं आणि दुपारचं युनिट ही सारखी मुलं नसतात. सकाळी लांबच्या गावची पोरं पहिली एसटी धरून, उपाशीपोटी येतात. दुपारच्यांत एखाददुसरा गॅरेजवर किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हात मारून आलेला असतो. तेवढ्यानंसुद्धा सरासरी हलते. म्हणून पद्धत युनिटप्रमाणे वाटू नका. प्रत्येक युनिटमध्ये चिठ्ठ्या टाका, वीसांतली दहा मुलं इकडे, दहा तिकडे. चिठ्ठ्याच टाका. मनानं वाटायला गेलात तर तुमच्या आवडत्या पद्धतीकडे बरी पोरं आपोआप सरकतील, तुम्हाला पत्ताही लागणार नाही. शिकवण्याआधी सगळ्यांना एमएसचा (साध्या पोलादाचा) एक लहान तुकडा द्या आणि त्याची एक कड सरळ घासायला सांगा. फाइल धरायला कोण शिकून आलंय ते तिथंच दिसतं. (रात्री होस्टेलवर ही पोरं एकमेकांना सगळं सांगणार, हे गृहीत धरा. त्याला इलाज नाही, आणि ते वाईटही नाही.)

आता गुण. ते तुम्हीच दिलेत ना? कुठला जॉब कुठल्या गटाचा, हे ठाऊक असताना? मग ते गुण बाजूला ठेवा. जॉबच्या मागे नंबर पंच करा, नंबर कुणाचा याची यादी पाकिटात बंद करा आणि मोजायचं काम शेजारच्या टर्नरच्या निदेशकांना द्या. त्यांतले दहा जॉब तुम्ही दोघांनी वेगवेगळे तपासा आणि गुण शेजारी शेजारी मांडा. तुम्हा दोघांतच आठ गुणांचा फरक पडत असेल, तर दोन पद्धतींतले सात गुण कशाला मिरवायचे? असा फरक बहुतेक ‘फिनिश’च्या रकान्यात निघतो. माप व्हर्निअर सांगतो. काटकोन तपासायच्या ट्राय स्क्वेअरच्या पात्याखालून उजेड येतो की नाही, यावर दोन माणसं भांडत नाहीत. फिनिश मात्र ज्याच्या त्याच्या डोळ्यात. तो रकाना ठेवायचाच असेल, तर चांगल्या, मध्यम आणि टाकाऊ फिनिशचे तीन नमुने टेबलावर ठेवा आणि त्यांच्याशी ताडून गुण द्या.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. तुम्ही जॉब मोजलेत कधी? शिकवलं त्याच आठवड्यात. त्या आठवड्यात तुमचा आवाज मुलांच्या कानात ताजा असतो आणि शेजारच्याचा जॉब डोळ्यांसमोर असतो. तीन-चार आठवडे जाऊ द्या, मध्ये दुसरंच काही शिकवा, आणि एके दिवशी न सांगता तोच जॉब पुन्हा द्या. सोबत एक न शिकवलेला जॉबही द्या. चौकोनी मेल-फीमेल फिटिंग (एकात एक बसणारे दोन तुकडे) शिकवली असेल, तर षटकोनी ठेवा. ड्रॉइंग द्या, वेळ लावा आणि तुम्ही ऑफिसात जाऊन बसा. त्या दिवशीच्या मापांवर तुमचं टिपण लिहा.

हा माझा हट्ट नाही. १९७८ साली केर आणि बूथ या दोघांनी मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. आठ वर्षांच्या मुलांनी बियांच्या छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायच्या. एका गटानं सगळा सराव तीन फुटांवरून केला. दुसऱ्यानं दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून कधीच नाही. परीक्षा घेतली तीन फुटांवर, आणि दुसरा गट सरस ठरला. त्यानंतरच्याच वर्षी शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवून पाहिल्या. एक हालचाल पुरी घोटून मग दुसरी घेणारे सरावात पुढे होते, तिन्ही मिसळून करणारे मागे. दहा दिवसांनी तपासलं तर मिसळून करणारे पुढे. म्हणजे सरावातला जॉब पाहून पद्धत निवडली, तर कधी कधी नेमकी उलटी पद्धत हाती लागते.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्याकडे जॉबची चढती भाजणी असते, आधी फाइलिंग, मग कटिंग, मग फिटिंग. कामाचे असे तुकडे पाडून शिकवण्याचा एक मोठा प्रयोग १८६८ मध्ये मॉस्कोच्या तंत्रशाळेत व्हिक्टर देल्ला-व्होस यांनी बसवला. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्याचे नमुने मांडले होते. अमेरिकेतल्या एमआयटीचे अध्यक्ष रंकल यांनी ते पाहिले आणि घरी जाऊन तीच पद्धत सुरू केली. तेही टेबलावरचे जॉब पाहूनच! तुमच्या प्राचार्यांना फार बोल लावू नका.

शेवटी आकड्यांचं. दहापैकी सात पास आणि दहापैकी पाच पास, हा फरक नुसत्या योगायोगानंही सहज पडतो. पुढच्या बॅचला पुन्हा करा, शेजारच्या आयटीआयमधल्या मित्रालाही करायला लावा. तिन्हीकडे वारं एकाच दिशेनं वाहिलं तर बिनधास्त लिहा. आणि माझा अंदाज विचाराल तर आधी जॉब, पण अर्धाच. पोरगं अडलं की थिअरी. फाइलचे दात किसानं का भरतात, हा प्रश्न त्याला स्वतःला पडल्यावर फाइल कार्ड (ते दात साफ करायचा ब्रश) कशासाठी असतं हे एका वाक्यात सांगून होतं.

प्रश्न : आमची संस्था ग्रामीण तरुणांसाठी प्लंबिंग आणि मोटार रिवाइंडिंगची (जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायची) शिबिरं घेते. शेवटी अभिप्राय फॉर्म भरून घेतो. जवळपास सगळे ‘खूप उपयुक्त’ लिहितात. देणगीदारांना एवढं पुरतं. तुम्हाला का पुरू नये?

ब्रिटिश टपाल खात्यातल्या पोस्टमनांमुळे. पत्रं वर्गवारी करायच्या यंत्रासाठी त्यांना टायपिंग शिकवायचं होतं. बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. कुणी रोज एक तास शिकलं, कुणी दोन, कुणी चार. हा अभ्यास १९७८ मध्ये छापला गेला. रोज एक तासवाल्यांना कीबोर्ड यायला एकूण साधारण ३५ तास लागले, रोज चार तासवाल्यांना साधारण ५०. आणि सगळ्यात नाराज कोण? एक तासवाले. इतर पुढे गेले, आम्ही रखडलो, अशी त्यांची भावना होती.

फॉर्म जरूर भरून घ्या. चहा कसा होता, हॉलमध्ये उकडलं का, सर ओरडत होते का, हे त्यावरून कळतं. रिवाइंडिंग आलं की नाही, हे जळलेली मोटार समोर ठेवूनच कळेल. शिबिरानंतर दोन महिन्यांनी दहा-बारा जणांना फोन करा आणि एवढंच विचारा, “या महिन्यात किती मोटारी उघडल्या, त्यांतल्या किती परत आल्या?”

प्रश्न : जळगाव जिल्ह्यात मी घरीच शिवणक्लास चालवते. मुली म्हणतात, “ताई, मोबाइलवर सगळं दिसतं, तुम्ही व्हिडिओच पाठवा.” म्हणून कटोरी ब्लाऊजच्या कटिंगचे व्हिडिओ केले. त्यांना फार आवडले, दहा-दहा वेळा पाहतात. पण कापड हातात दिलं की मुंडा (बाही जोडायचा गोलवा) चुकतोच. व्हिडिओ वाईट की मी?

ताई, आधी ‘दहा-दहा वेळा पाहतात’ हे घेऊ. २०१८ मध्ये कार्डास आणि ओब्रायन या शिकागोच्या संशोधकांनी लोकांना डार्ट फेकण्याचा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना वाटलं, आता आपल्याला जमणार. प्रत्यक्षात त्यांचे नेम एकदाच पाहिलेल्यांपेक्षा बरे नव्हते. आत्मविश्वास तेवढा वाढला होता. तुमच्या मुलींचं तेच होतंय. पाहण्यात चूक काही नाही, चांगला ब्लाऊज कसा बसतो हे डोळ्याला कळायला व्हिडिओसारखं साधन नाही. पण एकदा पाहिलं की कात्री हातात. दुसऱ्यांदा पाहायचं ते कापून झाल्यावर, आपलं कुठं वेगळं झालं ते शोधायला.

आता व्हिडिओ तपासायचा कसा? मुलींना ‘आवडला का’ विचारू नका. ज्यांनी तो पाहिलेला नाही अशा तीन मुली निवडा आणि एकेकीला वेगळी बोलवा. फोन, खाकी कागद, खडू, टेप, कात्री एवढं समोर ठेवा. तुम्ही तिच्या मागे वही घेऊन बसा आणि बोलू नका. हे न बोलणं भलतं कठीण असतं. “अगं, घडीकडून माप घे!” हे ओठांवर येतं, ते गिळा. ती कुठं थांबली, कुठं मागे नेऊन पाहिलं, कुठं तुमच्याकडे वळून बघितलं, तेवढं मिनिटासकट लिहा. आणि कुठं न थांबता, बिनधास्त चुकीचं कापलं, ते लाल पेननं लिहा. थांबलेली मुलगी विचारून पुढे जाते. न थांबता चुकणारीला आपण चुकतोय हे व्हिडिओनं सांगितलेलंच नसतं.

मुंड्यापाशी काय सापडेल याचा अंदाज मी आणि आमच्या घरच्या तज्ज्ञांनी मिळून केला आहे. एक, पुढचा मुंडा मागच्यापेक्षा जास्त खोल कापायचा, हे तुमच्या हाताला इतकं सवयीचं झालंय की व्हिडिओत ते दोन सेकंदांत उरकलं असणार. मुली दोन्ही मुंडे एकाच आकाराचे कापत असतील, मग बाही बसवताना पुढे चुण्या पडतात. दोन, शिवणीची माया कुठं धरली आणि कुठं नाही, हे खडूच्या रेषेवरून दिसत नाही. तिथं दुसऱ्या रंगाचा खडू घ्या. तीन, फोन समोरून लावला असेल, तर मुलीला तुमचं कापड उलटं दिसतं आणि ते तिला डोक्यात फिरवून घ्यावं लागतं. फोन तुमच्या खांद्यामागून, वरून लावा, म्हणजे तुम्हाला दिसतं तेच तिला दिसेल.

बदल करा आणि पुन्हा तीन मुली बोलवा, पण नव्या. पहिल्या तिघी आता शिकून बसल्यात, त्यांना कसलाही व्हिडिओ कळेल. व्हिडिओतले खड्डे शोधायला अशा तीन-चार मुली पुरतात. पण ‘व्हिडिओ बरा की ताईंनी समोर दाखवलेलं बरं’ हे ठरवायचं असेल, तर तीनवर भागणार नाही. त्यासाठी वर फिटरच्या निदेशकांना सांगितलेला चिठ्ठ्यांचा खटाटोप करावा लागेल.

परीक्षेला ३६ छातीचा तक्ता देऊ नका, तो सगळ्या पाठ करतात. शेजारच्या काकूंना बसवा. एखादा खांदा जरा उतरता असेल तर उत्तमच. त्यांचं माप घ्या, मांजरपाटावर बेता, टाचून अंगावर घालून दाखवा म्हणावं.

प्रश्न : पिढ्यान्‌पिढ्या सुताराचा मुलगा बघत बघत सुतार झाला. कुणी चिठ्ठ्या टाकल्या होत्या? हे ‘पद्धतीची चाचणी’ वगैरे नोकरदारांचे चोचले आहेत.

मोजकं उत्तर देतो, कारण अर्ध्या पत्राशी मी सहमत आहे. उस्तादाकडचं शिक्षण ही फार मुरलेली पद्धत आहे. जीन लेव्ह नावाच्या बाईंनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांकडच्या उमेदवारांचा अभ्यास केला. तिथं पोरगं आधी काय शिकतं? बटण, काजं, तुरपाई, म्हणजे कपड्याचं शेवटचं काम. मग मशीनवर शिवणं. बेतणं आणि कापणं सगळ्यात शेवटी. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर कापड गेलं. वर पत्र लिहिणाऱ्या जळगावच्या ताईंनी हा उलटा क्रम करून पाहायला हरकत नाही. एका बॅचला आधी कापलेले तुकडे द्यायचे, कटिंग महिनाभरानं.

म्हणजे उस्तादाकडेही क्रम होता, आणि कापड फुकट घालवून घालवूनच तो ठरला होता. फरक हिशेबाचा आहे. सुताराकडे जी पोरं टिकली ती आपल्याला दिसतात. रंधा लागून, मार खाऊन, कंटाळून जी पळाली ती कुठल्या वहीत आहेत? ती धरली तर तुमची ही पद्धत किती मुलांना जमली, ते सांगा.

प्रश्न : मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. छाती दाबण्याचं (सीपीआरचं) प्रशिक्षण आम्ही एका पूर्ण दिवसात देतो, संध्याकाळी सगळ्या पास. सहा महिन्यांनी त्याच परिचारिकांना पुतळ्यावर उभं केलं तर पुष्कळ जणींची खोली कमी पडते, वेग चुकतो. प्रशिक्षण वाढवून दोन दिवसांचं करावं का?

आधी फोडून पाहा, मग वाढवा.

तुम्ही सहा महिन्यांनी तपासता, हेच दुर्मिळ आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला किमान ५ सेंटिमीटर खोली, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं, हे तिन्ही आकड्यांत किंवा डोळ्यांनी धरता येतं. त्यामुळे ‘बरं करते’, ‘ठीक करते’ असली भाषा तुमच्याकडे लागत नाही. आम्हा फिटरवाल्यांना हेवा वाटावा असं काम आहे.

२००६ मध्ये मोल्टन आणि सहकाऱ्यांनी ३८ शिकाऊ सर्जनांना अतिशय बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. चार सत्रं, तीच आणि तेवढीच. निम्म्यांना ती एका दिवसात दिली, निम्म्यांना आठवड्याला एक. महिन्यानं परीक्षा घेतली, तेव्हा आठवड्याला एकवाले सरस ठरले. तुम्हीही तुमच्या एका दिवसाचे चार तुकडे करा आणि दोन गट चिठ्ठ्यांनी पाडा. दोन गोष्टी सांभाळा. एकूण तास दोन्हीकडे सारखे हवेत, नाहीतर जास्त शिकवल्याचा फायदा पद्धतीच्या नावावर जमा होतो. आणि परीक्षा शेवटच्या सत्रापासून मोजून तेवढ्याच दिवसांनी घ्या. पहिल्या सत्रापासून मोजलंत तर एका गटाला तीन आठवड्यांची ताजी आठवण फुकट मिळते.

आणखी एक. तुमच्या पुतळ्यात पुरेसं दाबल्यावर ‘टक्’ वाजतं का? शिकवताना ते असू द्या. परीक्षेत ते बंद करा. वॉर्डातला पेशंट टक् वाजवत नाही, आणि त्या आवाजावर टेकून शिकलेला हात आवाज गेला की डगमगतो.

सगळं करूनही काही महिन्यांत हात घसरणारच, हे शस्त्रकर्मापासून वेल्डिंगपर्यंत सगळीकडे दिसतं. पुतळा कपाटात कुलूपबंद न ठेवता वॉर्डाजवळ ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी ड्यूटी बदलताना दहा मिनिटं. प्रशासनाला त्यासाठी हॉल बुक करावा लागत नाही, जेवणं सांगावी लागत नाहीत. कदाचित म्हणूनच त्यांना ते प्रशिक्षण वाटणार नाही.

प्रश्न : शाळेत मूलभूत तंत्रज्ञान शिकवतो. मुलांना सरावाचे तुकडे द्यावेत की एकदम खरी वस्तू करायला लावावी?

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हापासून तिथलं उत्तर ‘खरी वस्तू’ असंच आहे, आणि तुमचा विषयही त्याच घरातला. स्वीडनमध्ये ओटो सॅलोमन यांनी एकोणिसाव्या शतकातच लाकूडकाम असंच शिकवलं, घरी वापरता येईल अशी वस्तू करूनच. चाचणीच्या बाजूनं पाहिलं तर खऱ्या वस्तूला एक मोठा फायदा आहे. तिचा परीक्षक फुकट मिळतो. स्टूल डुगडुगलं तर बसणारा सांगतो. पण होल्डिंग, कटिंग, पहिलं ड्रिल यांचे दोन-तीन तुकडे आधी घोटून घ्या. स्टूलाच्या पायावर पहिलं भोक पाडायला लावणं स्टूलावरही अन्याय आणि पोरावरही.

प्रश्न : साताऱ्याकडच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात आहे. प्रत्येक मशीनसाठी आमच्या १४ पानी कार्यसूचना आहेत. नवीन ऑपरेटर वाचतो, वीस प्रश्नांची चाचणी देतो, सरासरी ९० टक्के पडतात, सही करतो. पहिल्या आठवड्यातलं रिजेक्शन (बाद जाणारे पीस) मात्र जराही उतरत नाही. प्रश्न अवघड करावेत का?

प्रश्न अवघड केलेत तर वाचणं सुधारेल. तुम्हाला क्लॅम्पिंग, म्हणजे मशीनवर जॉब पकडणं, सुधारायचंय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते ४५, अमेरिकेत कारखान्यांतल्या मुकादमांना शिकवायला शिकवण्याचा एक मोठा सरकारी उपक्रम चालला. त्यात एक प्रात्यक्षिक ठरलेलं असे. लोंबत्या दिव्याची वायर ओढली गेली तरी आतला जोड सुटू नये म्हणून तिला एक गाठ मारतात, ती शिकवायची. आधी शिक्षक समोरच्याला ती नुसती तोंडानं सांगे. जमत नसे. मग नुसती करून दाखवी. तरी जमत नसे. मग नीट शिकवी. आधी त्याला काय येतं ते विचारायचं, एकेक पायरी सांगत आणि दाखवत करायची, त्या पायरीत जपायचं काय आणि का हे बोलायचं, मग त्याला करायला लावायचं आणि करता करता तेच त्याच्या तोंडून वदवायचं. नंतर एकटं सोडायचं, पण मध्ये मध्ये फेरी मारायची. तुमची १४ पानं म्हणजे यातली पहिली, न जमणारी पायरी आहे.

त्या उपक्रमातला कागद एक पानाचा असे. एका रकान्यात पायऱ्या, शेजारी जपायचे मुद्दे. तुमच्याकडे ‘जॉब फिक्स्चरमध्ये योग्य प्रकारे बसवा’ असं वाक्य असणार, पैज लावतो. ‘योग्य प्रकारे’ हे शब्द जिथं जिथं सापडतील तिथं तिथं रिजेक्शन दडलेलं आहे. चिप झाडून, डाव्या पिनला टेकवून, मग क्लॅम्प, असं लिहा. नेमकं काय ते तुमच्या जुन्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) विचारा. त्याच्या हाताला ठाऊक असतं, तोंडाला नसतं, म्हणून त्याला करायला लावून तुम्ही लिहून घ्या.

मग कागदाची परीक्षा. त्या मशीनवर कधीच उभा न राहिलेला एक माणूस आणा, स्टोअरमधला चालेल. लाइन लीडर सुरक्षेपुरता बाजूला उभा ठेवा. कागद त्याच्या हातात द्या आणि गप्प राहा. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरल यांनी ऑफिसातल्या लोकांना नवी यंत्रं शिकताना असंच न्याहाळलं. कुणी पुस्तक पहिल्यापासून वाचतच नव्हतं. लोक करायला लागत, अडलं की पान शोधत आणि सापडलं नाही की वैतागत. मग त्यांनी पुस्तक पुष्कळ कापलं आणि चुकलं तर बाहेर कसं यायचं, ते मात्र ठळक ठेवलं. तुमच्या १४ पानांत ‘बसला नाही तर काय’ यावर किती ओळी आहेत, मोजा.

आपल्याकडे आयटीआयची पुस्तकं तयार करणारी निमी ही संस्था १९८६ मध्ये चेन्नईला जर्मनीच्या मदतीनं उभी राहिली. तिच्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकात जॉबचं ड्रॉइंग, कामाचा क्रम आणि अवघड हातखंड्याची वेगळी मांडणी असते. नमुना म्हणून एखादं चाळा. त्यांचीही पानं कमी नाहीत, पण वर्कशॉपमध्ये उघडं ठेवून काम करता येईल असं पान कसं असतं, ते कळेल.

वीस प्रश्नांची चाचणी कागदोपत्री नोंदीसाठी चालू ठेवा, ऑडिटवाल्यांना आवडते. तुम्ही मात्र दोनच गोष्टी लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात नवीन माणसानं सेटरला किती वेळा हाक मारली, आणि किती पीस गेले. जुना कागद चार जणांना, नवा चार जणांना, मशीन तेच. काही महिने जातील. जाऊ द्यात.

प्रश्न : मुलाला वेल्डिंगच्या खासगी क्लासला घालतोय, तीन महिन्यांचा आहे. फी बरीच आहे. क्लास चांगला की नाही, हे आधी कसं ओळखू?

माहितीपत्रक घरी ठेवा आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास, न सांगता जा. मशीन किती आणि मुलं किती ते मोजा. एका मशीनवर आठ मुलं असतील, तर तुमचा मुलगा तीन महिने दुसऱ्याची ठिणगी पाहणार. रोज एका मुलाला किती रॉड जाळायला देतात ते विचारा. आकडा पटकन सांगता आला तर चांगलं लक्षण. “लागेल तेवढे” म्हणाले तर कमी देतात. मग भंगाराचा डबा बघा. त्यात तोडलेले, वाकवून पाहिलेले, मधून कापलेले जोड दिसले, तर तिथं तपासणी होते. डबा रिकामा आणि भिंतीवर चकचकीत जोडांचं शोकेस असेल, तर ते कुणी मारलेत ते विचारा. शेवटच्या आठवड्यातल्या मुलाला एक उभा जोड मारून दाखवायला सांगा, सपाट नको, आणि सर तेव्हा मध्ये बोलतात का तेवढं बघा. काचा, ग्लोव्ह्‌ज आणि अ‍ॅप्रन सगळ्यांना आहेत का तेही. फी दोन हप्त्यांत घेतात का ते विचारून घ्या, आणि दुसरा हप्ता दीड महिन्यानं, पुन्हा एक चक्कर मारून मगच द्या.